चोवीस गाण्यांची किंमत



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर दिवाणी दावे चालवले. म्हणून आज विषयही दिवाणीच घेतला आहे. फौजदारी खटल्यांवर नाटकं होतात, चित्रपट निघतात. दिवाणी दाव्यावर कुणी नाटक लिहीत नाही. पण ज्याच्या दारात बेलिफ समन्स घेऊन उभा राहिलेला आहे त्याला विचारा, घाम कशानं फुटतो ते. विषय अमेरिकेतला आहे आणि गाण्यांचा आहे. व्याख्यान मात्र बरंचसं आकड्यांचं होणार आहे, याची आधीच कल्पना देऊन ठेवतो.

८ सप्टेंबर २००३ या दिवशी अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी देशभरातल्या संघीय न्यायालयांत २६१ जणांवर दावे लावले. या कंपन्यांची संघटना म्हणजे रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, थोडक्यात आरआयएए. या २६१ जणांनी काझासारख्या सॉफ्टवेअरमधून कॉपीराइट असलेली गाणी फुकट उतरवून घेतली आणि इतरांना उतरवून घेऊ दिली, असा आरोप होता. या यादीत न्यूयॉर्कच्या सरकारी घरकुलांत राहणारी एक १२ वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्याच दिवशी तिच्या आईनं २ हजार डॉलर देऊन तडजोड केली आणि प्रकरण मिटलं. वर्तमानपत्रांनी कंपन्यांना झोडपून काढलं. कंपन्या बधल्या नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी ही मोहीम थांबवल्याचं जाहीर केलं, तोवर सुमारे ३५ हजार लोकांना यात ओढलं गेलं होतं.

या ३५ हजारांपैकी ज्युरीसमोर अखेरपर्यंत लढलेले किती? ज्यांचे निकाल सगळ्या देशानं वाचले असे दोन. आणखी काही जण मधल्या टप्प्यांवर लढले, कुणी प्राथमिक हरकतीवर, कुणी वकील फीच्या अर्जावर. बाकीच्यांनी पैसे भरले. माझा आजचा मुद्दा या मूठभरांबद्दलचा आहे. त्यांतले बहुतेक हरले. पण जे प्रश्न ३५ हजार तडजोडींत कुणी विचारलेच नव्हते, ते न्यायाधीशांना विचारावे लागले ते यांच्यामुळे. दाव्यात नाव कुणाचं घालायचं, नेमकं कोणतं कृत्य बेकायदा, आणि भरपाईचा नुकसानीशी काही संबंध असावा की नाही? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर न्यायालयांनी टाळलं, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आज उभा आहे.

आधी कंपन्यांची बाजू. ती खोटी नव्हती. १९९९ च्या जूनमध्ये नॅपस्टर आलं आणि कोट्यवधी लोकांना एकमेकांच्या संगणकावरची गाणी दिसू लागली. त्याच वर्षी अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा सुमारे १४.६ अब्ज डॉलर होता. २०१० पर्यंत तो ७ अब्जांच्या आसपास उतरला. ही सगळी पडझड फुकट्या गाण्यांनीच केली का, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही भांडतात. पण गल्ला रिकामा होताना दिसत असलेल्या माणसाला ते भांडण ऐकायला सवड नसते. नॅपस्टरविरुद्ध कंपन्या जिंकल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि त्या वर्षीच्या जुलैत नॅपस्टर बंद पडलं. मग काझा, ग्रोकस्टर अशी मंडळी आली. त्यांच्याकडे मधला सर्व्हरच नव्हता, सगळा मामला वापरणाऱ्यांच्या संगणकांत. ग्रोकस्टरविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी निकाल यायला २००५ चा जून उजाडला. तोवर कंपन्यांनी ठरवलं होतं की थेट वापरणाऱ्यालाच धरायचं.

धरायचं शस्त्र होतं अमेरिकी कॉपीराइट कायद्याचं कलम ५०४. या कलमानुसार वादीला आपलं नुकसान सिद्ध करावं लागत नाही. कायद्यानं ठरवून दिलेली भरपाई तो मागू शकतो. प्रत्येक कृतीमागे किमान ७५० डॉलर, कमाल ३० हजार, आणि उल्लंघन जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत. गाण्यांच्या दाव्यांत कृती म्हणजे गाणं. दहा गाण्यांची कमाल रक्कम १५ लाख डॉलर होते.

अशी तरतूद करण्यामागे कारण होतं. चोरून रेकॉर्ड छापणाऱ्या कारखानदाराच्या वह्या कुणाला सापडणार? किती प्रती विकल्या हे कळतच नसेल तर नुकसान मोजायचं कसं? म्हणून कायद्यानं आकडाच ठरवून दिला. धंदेवाईक चोराच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे. १९९९ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसनं हे आकडे दीडपट केले. त्याच महिन्यात कंपन्यांनी नॅपस्टरवर दावा लावला. पण आकडे ठरवताना डोळ्यांसमोर होता तो माल विकणारा. बिछान्यावर बसून गाणी ऐकणारं पोर त्या कलमात कुठेच वेगळं काढलेलं नव्हतं.

आता हे पोर सापडायचं कसं? कंपन्यांनी मीडियासेंट्री नावाच्या संस्थेला काम दिलं. तिची माणसं स्वतःच काझावर जायची, कुणाच्या सामायिक फोल्डरमध्ये कोणती गाणी आहेत त्याची चित्रं काढायची, थोडी गाणी उतरवून घ्यायची आणि त्या संगणकाचा आयपी क्रमांक टिपायची. क्रमांकावरून इंटरनेट पुरवणारी कंपनी कळते, गिऱ्हाईक कळत नाही. ते नाव मिळवण्यासाठी आरआयएएनं १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातला एक सोपा रस्ता धरला. न्यायाधीशासमोर जायचंच नाही, न्यायालयाच्या कारकुनाकडून सही-शिक्क्याचा हुकूम घ्यायचा. व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीनं याला हरकत घेतली. खालच्या न्यायालयात ती हरली. १९ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं निकाल फिरवला. ही तरतूद सेवा कंपनीच्या स्वतःच्या यंत्रावर ठेवलेल्या मजकुरासाठी आहे, इथे कंपनी फक्त वाहतूक करते, म्हणून हा रस्ता बंद, असं न्यायालयानं म्हटलं.

या सगळ्या मोहिमेतला पहिला मोठा धक्का हा. आणि तो दिला एका दूरध्वनी कंपनीनं, जिच्याकडे वकिलांची फौज होती.

रस्ता बंद झाल्यावर कंपन्यांनी आडवाट काढली. जानेवारी २००४ पासून त्या 'जॉन डो' म्हणजे निनावी प्रतिवादींवर दावे लावू लागल्या. एकेका दाव्यात डझनावारी, कधी शेकड्यांनी निनावी माणसं. प्रतिवादीच निनावी, म्हणजे अर्जाला विरोध करायला समोर कुणी नाही. न्यायाधीश हुकूम द्यायचे, सेवा कंपनी नावं द्यायची, आणि नावं हातात पडली की मूळ दावा बहुधा काढून घेतला जायचा. मग घरी पत्र. साधारण ३ ते ५ हजार डॉलरांत मिटवा, नाहीतर गाण्यामागे ७५० पासून दीड लाखापर्यंतच्या दाव्याला तयार राहा. २००७ मध्ये विद्यापीठांतल्या मुलांसाठी तर क्रेडिट कार्डानं तडजोडीची रक्कम भरण्याचं संकेतस्थळच उघडलं गेलं.

इथे बसलेल्यांपैकी कुणीही असता तरी पैसे भरले असते. संघीय न्यायालयात साधा बचाव उभा करायला वकील तडजोडीच्या कितीतरी पट फी घेतो. निर्दोष असाल तरी लढणं महाग, दोषी असाल तर विचारूच नका. दावा खरा की खोटा याचा निर्णय जिथे होणं आवर्जून टाळलं जातं, तिथे चुका साठत जातात. मॅसॅच्युसेट्समधल्या एका वयस्क शिल्पकार बाईंवर दावा झाला. त्यांच्याकडे मॅक संगणक होता आणि काझा मॅकवर चालतच नव्हतं. दावा मागे घेतला गेला. वेस्ट व्हर्जिनियात एका ८३ वर्षांच्या आजींवर दावा लागला, तेव्हा त्यांना जाऊन काही आठवडे झाले होते. आयपी क्रमांक बिल कुणाच्या नावावर येतं ते सांगतो, कळफलकावर बोटं कुणाची होती ते सांगत नाही.

ओक्लाहोमातल्या एका आईनं नेमका हाच मुद्दा धरला. इंटरनेटची जोडणी तिच्या नावावर, गाणी तिनं उतरवलेली नाहीत. कंपन्यांचं म्हणणं पडलं की जोडणी तुझी म्हणजे जबाबदारी तुझी. तिनं तडजोड नाकारली. अखेर कंपन्यांनीच दावा मागे घेण्याचा अर्ज केला. एरवी अशा वेळी प्रतिवादी देवाचे आभार मानून घरी जातो. ही बाई गेली नाही. माझी वकील फी द्या म्हणाली. न्यायाधीश ली वेस्ट यांनी २००७ मध्ये तिची मागणी मान्य केली आणि नुसती जोडणी नावावर असणं हे दुसऱ्याच्या उल्लंघनाला हातभार लावणं होत नाही, असं स्पष्ट केलं. ६८,६८५ डॉलर कंपन्यांना भरावे लागले. पुढच्या वर्षी ओरेगनमधल्या एका अपंग एकट्या आईला लाखाहून जास्त डॉलर फी मिळाली.

या फीच्या मागे एक मजेदार पूर्वकथा आहे, ती सांगायचा मोह आवरत नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या गाजलेल्या बँडचे गायक जॉन फोगर्टी. त्यांच्या जुन्या गाण्यांचे हक्क फँटसी नावाच्या कंपनीकडे होते. ऐंशीच्या दशकात फोगर्टींनी नवं गाणं काढलं, तर फँटसीनं दावा लावला की हे आमच्या जुन्या गाण्याची नक्कल आहे. म्हणजे माणसानं स्वतःचीच नक्कल केली असा आरोप! १९८८ मध्ये फोगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेले आणि आपली शैली कशी असते ते ज्युरीला वाजवून दाखवलं. ते जिंकले. मग वकील फीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९४ मध्ये न्यायालयानं ठरवलं की कॉपीराइटच्या दाव्यात जिंकलेल्या वादीला फी मिळण्याचे जे निकष, तेच जिंकलेल्या प्रतिवादीलाही लागू. एका गवयानं रेकॉर्ड कंपनीविरुद्ध मिळवलेल्या या निकालाचा उपयोग तेरा वर्षांनी ओक्लाहोमातल्या त्या आईला झाला.

दुसरा प्रश्न कृत्याचा. सामायिक फोल्डरमध्ये गाणं नुसतं ठेवलं, ते कुणी उतरवून घेतलं याचा पुरावा नाही, तर ते वितरण झालं का? कंपन्या म्हणत, उपलब्ध करून देणं म्हणजेच वितरण. ३१ मार्च २००८ या एकाच दिवशी न्यूयॉर्क आणि बोस्टन इथल्या दोन संघीय न्यायाधीशांनी या मुद्द्यावर निकाल दिले आणि दोघांचे सूर जुळले नाहीत. न्यूयॉर्कला कंपन्यांना एक पळवाट मिळाली, बोस्टनला न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी प्रत्यक्ष वितरण दाखवा असं म्हटलं. महिन्याभरात ॲरिझोनाच्या न्यायालयानं गर्टनर यांच्या बाजूला वजन टाकलं. तिथला प्रतिवादी सुरुवातीला स्वतःच स्वतःची बाजू मांडत होता. कायद्याच्या मुद्द्यावर तो तरला आणि नंतर संगणकावरचा पुरावा पुसून टाकल्याबद्दल हरला. वकिली करणारा कुणीही सांगेल, चांगला मुद्दा वाईट पक्षकाराच्या हातात पडण्याचं दुःख काय असतं.

आणि आता मिनेसोटातला खटला, ज्याच्यावरून व्याख्यानाचं नाव ठेवलं आहे. कॅपिटल रेकॉर्ड्स विरुद्ध थॉमस. ऑक्टोबर २००७, सुपीरिअर सरोवराच्या काठावरचं डलुथ शहर. फाइल शेअरिंगचा ज्युरीपुढे गेलेला हा पहिला खटला. प्रतिवादी म्हणजे दोन मुलांची आई. तिच्या सामायिक फोल्डरमध्ये मीडियासेंट्रीला १,७०२ गाणी दिसली होती. दावा लावला गेला तो त्यांतल्या २४ गाण्यांवर.

ही बाई निरागस होती असं मी सांगणार नाही. काझावरचं तिचं टोपणनाव ती इतर ठिकाणीही वापरत होती. ज्या संगणकाची हार्ड डिस्क तपासायला दिली, ती कंपन्यांची सूचना आल्यानंतर बदललेली निघाली, आणि बदलल्याची तारीख तिनं आधी चुकीची सांगितली होती. ज्युरीला ती खोटं बोलते असं वाटलं, आणि मला वाटतं, ते बरोबरच वाटलं. दोषाचा निर्णय लगेच झाला. वेळ गेला तो आकड्यावर. एका ज्युरी सदस्यानं नंतर पत्रकाराला सांगितलं की दोघे तर गाण्यामागे कमाल दीड लाख द्यायला तयार होते आणि एक जण ७५० वर अडून बसला होता. शेवटी ठरले ९,२५०. चोवीस गाण्यांचे २ लाख २२ हजार डॉलर. त्या वेळी ॲपलच्या दुकानात एक गाणं ९९ सेंटला मिळत होतं. ब्रुकलिनमधल्या दुसऱ्या एका खटल्यात रेकॉर्ड कंपनीला त्यातले साधारण ७० सेंट मिळतात असं पुढे आलं होतं. ७० सेंटच्या मालाला ९,२५० डॉलर म्हणजे तेरा हजार पट.

 ७५० आणि दीड लाख यांच्यामध्ये बारा माणसांनी कुठे थांबायचं, हे सांगणारी एकही ओळ कायद्यात नाही.

निकालानंतर न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. आपणच ज्युरीला चुकीची सूचना दिली असावी, हे त्यांनी कुणी न सांगता उभं केलं. ज्युरीला पंधरावी सूचना होती की उपलब्ध करून देणं म्हणजेच वितरण. त्यांच्याच अपील न्यायालयाचा १९९३ चा निकाल याच्या विरुद्ध जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी स्वतःच्या न्यायालयातला निकाल रद्द करून पुन्हा सुनावणी लावली. त्याच निकालपत्रात त्यांनी हिशेब मांडला. २४ गाणी म्हणजे साधारण तीन सीडी, किंमत ५४ डॉलरांहूनही कमी, आणि भरपाई त्याच्या चार हजार पटींहून जास्त. त्यांनी काँग्रेसला कळकळीची विनंती केली की अशा खटल्यांसाठी कायदा बदला.

मग जे झालं ते कुणाच्या अपेक्षेत नव्हतं. जून २००९, दुसरी ज्युरी, नवे वकील, ते फुकट लढणारे. ज्युरीनं गाण्यामागे ८० हजार दिले. एकूण १९ लाख २० हजार डॉलर! दावा जिंकलेल्या पक्षालाही अवघडल्यासारखं व्हावं असा आकडा. डेव्हिस यांनी तो कायद्याच्या किमान रकमेच्या तिप्पट, म्हणजे गाण्यामागे २,२५० वर आणला, एकूण ५४ हजार. कंपन्यांनी या काळात एक प्रस्ताव दिला: २५ हजार डॉलर संगीतकारांच्या धर्मादाय निधीला द्या आणि न्यायाधीशांचा कपातीचा निकाल रद्द करण्याची विनंती आपण मिळून करू. तिनं नाकारलं. कंपन्यांना २५ हजारांचं काय होतं? त्यांना खुपत होता तो कपातीचा निकाल. तो नोंदीवर राहिला असता तर पुढचे सगळे आकडे त्याच्याशी जोखले गेले असते. कंपन्यांनी कपात नाकारली, म्हणून भरपाईपुरती तिसरी सुनावणी झाली. नोव्हेंबर २०१०, तिसरी ज्युरी, गाण्यामागे ६२,५००, एकूण १५ लाख. २०११ मध्ये डेव्हिस यांनी तो पुन्हा ५४ हजारांवर आणला, या वेळी थेट घटनेचा आधार घेऊन.

तेच कृत्य, तीच २४ गाणी, तोच कायदा. तीन ज्युरींनी तीन किमती लावल्या आणि न्यायाधीशांनी चौथी. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात पस्तीस पटींहून अधिक अंतर. कुठल्याही बाजारात असा भाव निघाला तर आपण त्याला बाजार म्हणणार नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २ लाख २२ हजारांचा पहिला आकडा कायम केला. कंपन्यांनीच अपिलात तेवढीच रक्कम मागितली होती, त्यामुळे १५ लाखांचं समर्थन करण्याची वेळ न्यायालयावर आली नाही. आणि उपलब्ध करून देणं म्हणजे वितरण का, या प्रश्नाचं उत्तर देण्याचीही गरज नाही असं न्यायालयानं ठरवलं. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

अपील न्यायालयानं आधार घेतला तो १९१९ च्या एका निकालाचा. हा निकाल जवळून पाहण्यासारखा आहे. आर्कान्सा राज्यात रेल्वे कंपनीनं दोन बहिणींकडून तिकिटाचे प्रत्येकी ६६ सेंट जास्त घेतले. राज्याचा कायदा होता की जादा भाडं घेतल्यास प्रवाशाला ५० ते ३०० डॉलर दंड द्यावा. प्रत्येकीला ७५ डॉलर मिळाले. रेल्वे म्हणाली, हे घटनाबाह्य. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. असा दंड वादीच्या नुकसानीशी ताडून पाहायचा नसतो, तो सार्वजनिक गैरवर्तनासाठी असतो. अपराधाच्या मानानं तो अगदीच विसंगत आणि उघडउघड अवाजवी असेल तेवढ्यापुरताच हस्तक्षेप करायचा.

पूर्वनिर्णय म्हणून आठव्या सर्किटचा आधार चुकीचा नव्हता, हे मी मान्य करतो. पण त्या दोन खटल्यांतली माणसं बघा. तिथे दंड भरणारी होती रेल्वे, भाडं ठरवणारी, दररोज हजारो प्रवाशांकडून पैसे घेणारी. आणि पट होती सुमारे ११४. इथे भरणारी एक नोकरदार आई, आणि पट हजारांत. जबरदस्ताला वठणीवर आणण्यासाठी बांधलेला दंड त्याच मापानं घरातल्या माणसाला लावला, आणि वर त्याला त्याच निकालाचा आधार दिला. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ आणि २००३ मध्ये ज्युरींच्या दंडात्मक भरपाईवर लगाम घातला होता. २००३ च्या निकालात तर एक आकडी पटीच्या पलीकडे फारसं जाऊ नये असं सुचवलं होतं. मात्र ते निकष कायद्यानं ठरवलेल्या भरपाईला लागू नाहीत असं अपील न्यायालयानं म्हटलं, कारण इथे किती भरावं लागेल याची कायद्यातच पूर्वसूचना आहे. दीड लाखापर्यंत कितीही, ही कसली पूर्वसूचना?

बोस्टनचा टेनेनबॉम खटला याच वाटेनं गेला, म्हणून थोडक्यात सांगतो. विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणारा मुलगा, ३० गाणी. त्याच्या बाजूनं हार्वर्डचे प्राध्यापक चार्ल्स नेसन, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन. नेसन यांनी खटल्याची सभा करून टाकली. सुनावणी इंटरनेटवर दाखवावी म्हणून अर्ज केला, तो अपिलात फेटाळला गेला. मनोरंजनासाठी गाणी वाटून घेणं हा रास्त वापर आहे असा सरसकट बचाव मांडला, तो गर्टनर यांनी नाकारला. खटल्यात प्रतिवादीनं ३० ही गाणी उतरवली आणि वाटली हे शपथेवर कबूल केलं. त्यापूर्वी त्यानं इतरांकडे बोट दाखवलं होतं. जुलै २००९ मध्ये ज्युरीनं ६ लाख ७५ हजार दिले. गर्टनर यांनी घटनेच्या आधारे ते दहाव्या भागावर आणले. अपील न्यायालय म्हणालं, घटनेपर्यंत जायच्या आधी साधी कपात सुचवायला हवी होती. प्रकरण खाली गेलं ते दुसऱ्या न्यायाधीशांकडे, आणि त्यांनी २०१२ मध्ये पूर्ण रक्कम कायम ठेवली. २०१३ मध्ये अपिलातही ती टिकली.

नेसन यांच्यावर मी थोडा रागावलेला आहे. गर्टनर यांनी आपल्या निकालपत्रात जवळजवळ सुचवलंच होतं की अधिक मर्यादित बचाव, उदाहरणार्थ पैसे देऊन गाणी मिळण्याची सोयच नव्हती त्या काळापुरता, त्यांनी गांभीर्यानं ऐकला असता. ॲपलचं गाण्यांचं दुकान एप्रिल २००३ मध्ये उघडलं. त्याआधीच्या कृत्यांबद्दल काहीतरी म्हणता आलं असतं. तत्त्वाची लढाई लढताना पक्षकाराचं प्रकरण हातातून सुटतं, हे आपल्याकडेही पाहायला मिळतं.

टेक्ससमध्ये शाळकरी वयात गाणी उतरवलेल्या एका मुलीनं म्हटलं, मला हे बेकायदा आहे हे ठाऊकच नव्हतं. कायद्यात अजाण उल्लंघनासाठी रक्कम २०० डॉलरपर्यंत खाली आणायची सोय आहे. खालच्या न्यायालयानं ती दिली. अपील न्यायालयानं काढून घेतली. का, तर दुकानातल्या सीडीवर कॉपीराइटची सूचना छापलेली असते, आणि ती मुलगी दुकानात जाऊन बघू शकली असती. ३७ गाण्यांचे २७,७५० डॉलर. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती ॲलिटो एकटे असहमत राहिले. ज्या मुलीनं सीडी हातात घेतलीच नाही, तिला सीडीवरची सूचना कशी लागू, हा त्यांचा प्रश्न साधा होता.

आपल्याकडे काय? निनावी प्रतिवादीला आपल्या न्यायालयांनी देशी नाव दिलं आहे, अशोक कुमार. दिल्ली उच्च न्यायालयानं २००२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या प्रक्षेपणासाठी असा पहिला आदेश दिला, आणि पुढे प्रत्येक मोठ्या चित्रपटाच्या आधी असे आदेश घेण्याची रीतच पडली. सबंध संकेतस्थळं त्यात बंद व्हायची. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या रीतीला खीळ घातली. नेमके दुवे सांगा, ते कुणी तपासले ते शपथेवर सांगा, सगळं संकेतस्थळच बेकायदा आहे हे दाखवल्याशिवाय ते बंद करता येणार नाही, आणि ज्याचं पान बंद झालं त्याला दाद कुठे मागायची ते पानावर दिसलं पाहिजे. 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात त्यांनी आदेश दिला तो या अटी घालूनच. गैरहजर माणसाची बाजू न्यायाधीशानं स्वतः धरायची असते, हे अमेरिकेतल्या हजारो जॉन डो अर्जांवर सह्या करताना फार थोड्यांनी लक्षात ठेवलं.

आणि आपला १९५७ चा कायदा. त्यात दिवाणी दाव्यासाठी गाण्यामागे इतके रुपये असा ठरलेला दर नाही. नुकसान किंवा प्रतिवादीचा नफा, काहीतरी दाखवावं लागतं. फौजदारी कलम ६३ मात्र कडक आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे. उल्लंघन धंद्याच्या ओघात नफ्यासाठी केलेलं नसेल, तर पुरेशी आणि खास कारणं निकालात नोंदवून न्यायालय किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. माल विकणारा आणि घरात ऐकणारा यांच्यातला जो फरक अमेरिकेच्या कलम ५०४ ला साधला नाही, तो इथे दोन ओळींत आहे.

कॉपीराइट कायद्यात बदल करण्याची मागणी आपल्याकडे अधूनमधून होते, आणि ठरलेल्या भरपाईची सोय इथेही हवी असं मागणाऱ्यांत वजनदार मंडळी असतात. ती मागणी सर्वस्वी गैर नाही. आपल्या दिवाणी न्यायालयांत नुकसान सिद्ध करता करता कलाकाराच्या दोन पिढ्या जातात, हे तुम्हीही जाणता आणि मीही. पण अशी दुरुस्ती आलीच, तर तिचा मसुदा वाचताना पहिल्यांदा बघा, कलम ६३ चं ते परंतुक दिवाणी बाजूलाही आणलं आहे का. आणलं नसेल तर हरकत नोंदवा. न्यायाधीश डेव्हिस यांनी २००८ मध्ये केलेल्या विनंतीनंतरही तिथल्या काँग्रेसनं १९९९ चे ७५०, ३० हजार आणि दीड लाख हे आकडे बदललेले नाहीत.